एका छोट्या बॅनरचा लोगो कसा बदलत गेला: सोनेरी थ्रीडीपासून कंदिलापर्यंत

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही तिघं मित्र, दोन शॉर्टफिल्म झाल्यात, तिसरी फेस्टिव्हलला पाठवायची आहे, त्याआधी प्रॉडक्शन कंपनीचा अ‍ॅनिमेटेड लोगो करून घ्यायचाय, एका डिझायनरने तीन ऑप्शन दिलेत (गरुड, क्लॅपची पाटी आणि फिल्मचं रीळ), यातला कुठला घ्यावा, आणि बाकी स्वतंत्र दिग्दर्शकांचे लोगो कसे ठरत गेले?

आधी सांगून टाकतो, तीनपैकी एकही घेऊ नका. डिझायनरचा दोष नाही, त्याला तुम्ही नाव आणि "सिनेमाशी रिलेटेड काहीतरी" एवढंच दिलं असणार, तेवढ्यावर माणूस रीळच काढणार, दुसरं काय काढेल. मी बावीस वर्षं पुण्यात मोशन ग्राफिक्सची कामं करतोय, टायटल्स, एंड क्रेडिट, शॉटमधली तार पुसणे, मोबाइलचा टॉवर पुसणे असली किरकोळ व्हीएफएक्स, आणि बॅनरचे, म्हणजे सिनेमा काढणाऱ्या कंपन्यांचे लोगो. रिळं आणि गरुड मीपण पोटासाठी भरपूर केलेत, त्यामुळे वरून बोलतोय असं समजू नका. पण एवढ्या वर्षांत जे लोगो टिकले ते बघितले तर एक गोष्ट दिसते की छोट्या बॅनरचा लोगो आधी बसून ठरवता येत नाही, तो त्याच माणसाच्या एखाद्या सिनेमात सापडतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या सिनेमात सापडत नाही.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घ्या. राज कपूरने १९४८ मध्ये आर. के. फिल्म्स काढली तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती, आज आपण ज्याला इंडी, म्हणजे स्वतंत्र सिनेमा म्हणतो तसलाच प्रकार, स्वतः निर्माता स्वतः दिग्दर्शक स्वतः हिरो. पहिला सिनेमा 'आग', तो काही फार चालला नाही. मग १९४९ ला 'बरसात' आला आणि धो धो चालला, आणि त्यात ती पोझ आहे, एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली नर्गिस. तीच पोझ बॅनरची खूण झाली, पुढे चेंबूरच्या स्टुडिओच्या गेटवर लागली, आणि जसजशी वर्षं गेली तसे त्यातले चेहरे-कपडे गळत गेले आणि फक्त दोन आकृत्यांची रेघ उरली. म्हणजे कंपनी आधी, एक फ्लॉप आधी, मग हिट, मग लोगो. हा क्रम लक्षात ठेवा. आणि त्या लोगोच्या आधी पृथ्वीराज कपूर शंकराची पूजा करतायत तो तुकडा असायचा, म्हणजे घरचा देव आधी, धंद्याची पाटी नंतर, आपल्याकडच्या दुकानात पण असंच असतं.

बाहेर पण तेच. स्टीव्हन स्पीलबर्गच्या अ‍ॅम्बलिन कंपनीचं नाव त्याच्या १९६८ च्या एका शॉर्टफिल्मवरून आलंय, पण चंद्रासमोरून उडणारी सायकल आली ती १९८२ च्या 'ई.टी.'मधून. जपानचा अ‍ॅनिमेशनवाला घिब्ली स्टुडिओ १९८५ चा, आणि त्यांच्या लोगोत जो गुबगुबीत तोतोरो बसलाय तो सिनेमात आला १९८८ ला. तीन वर्षं थांबला ना स्टुडिओ. तुमच्या तर दोनच शॉर्टफिल्म झाल्यात.

आता कोणी म्हणेल प्रभात फिल्म कंपनीचं काय, त्यांची तुतारी तर पहिल्यापासून ठरवलेलीच होती. बरोबर आहे, पण ती माणसं बघा कोण होती. १ जून १९२९ ला कोल्हापुरात कंपनी सुरू झाली, व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी. दामले-फत्तेलाल म्हणजे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, पडदे रंगवणारे, सेट उभे करणारे लोक, चित्र हाच धंदा. आणि नाव 'प्रभात', म्हणजे नावातच चित्र होतं, पहाट झाली की तुतारी, पहाटेच्या उजेडात मागे झुकून तुतारी फुंकणारी बाई. मला त्यात सगळ्यात आवडतं ते हे की तो काळ मूकपटांचा होता, म्हणजे पडद्यावर बाई तुतारी वाजवतेय आणि आवाजच नाही! तीन वर्षांनी, १९३२ ला 'अयोध्येचा राजा' आला, बोलपट सुरू झाले, तेव्हा कुठे त्या तुतारीला आवाज मिळाला. लोगो इव्होल्व्ह होणं म्हणतात ते हे, चित्र तेच आणि तंत्र मागून धावत आलं. कंपनी पुढे पुण्यात आली, आज तिथल्या जागेवर एफटीआयआय, म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या पोरांना विचारा, कंपनी कधीची बंद पडली तरी तुतारी सगळ्यांना माहितीये.

आणि शांतारामबापू १९४२ ला प्रभातमधून बाहेर पडले तेव्हा तुतारी काही बरोबर नेता आली नाही, ती कंपनीची. नवीन कंपनी राजकमल, वडील राजाराम आणि आई कमला यांची नावं जोडून, आणि खूण कमळाची. तुम्ही तिघं मित्र आहात म्हणून हे मुद्दाम सांगतोय, पुढे त्यावर येतोच.

निर्माता-दिग्दर्शक मेहबूब खानचा किस्सा तर मजेशीर आहे. लोगो विळा-हातोड्याचा, आणि त्याच्यावर आवाजात शेर असा की दुश्मनाने कितीही वाईट चिंतलं तरी होणार ते देवाच्या मर्जीनेच. विळा-हातोड्याखाली देव! कुठल्याही ब्रँडिंग एजन्सीने हे पास केलं नसतं. पण लोकांच्या लक्षात राहिलं कारण ते त्या माणसासारखं होतं, कमिटीसारखं नव्हतं.

बरं. आता ज्या बॅनरच्या लोगोवर मी स्वतः पंधरा वर्षं काम करतोय त्याची गोष्ट सांगतो, नाव सांगणार नाही, दिग्दर्शक मित्र आहे आणि त्याला असलं काही आवडत नाही. यात मी केलेल्या चुका पण आहेत.

पहिला लोगो २००८ चा, त्याला लोगो म्हणणं पण जास्तच. शॉर्टफिल्म होती, एडिट टेबलवरच एडिटरने काळ्यावर पांढऱ्या अक्षरात नाव टाईप केलं, इंग्रजीत, तीन सेकंद, फेड इन फेड आउट, विषय संपला. खर्च शून्य. आज मागे वळून बघताना तो सगळ्यात चांगला वाटतो, चौथा सोडला तर.

दुसरा २०११ चा, आणि तो पूर्णपणे माझा गुन्हा. फीचर करायची तयारी चालू होती, कोणीतरी पैसे लावणारे भेटले होते, आणि त्यांच्यासमोर "जरा मोठं वाटलं पाहिजे" असं ठरलं. मी एक तयार टेम्प्लेट विकत घेतलं, सोनेरी थ्रीडी अक्षरं, मागून उजेडाचे झोत, कण उडतायत, शेवटी धाडकन आवाज. अकरा सेकंद! दुपारी बसलो रात्री संपलं. सगळे खूश. मग एका फेस्टिव्हलला मराठी शॉर्टफिल्मचा ब्लॉक होता, आमची फिल्म तिसरी, आणि पहिल्या फिल्मच्या सुरुवातीला तेच सोनेरी कण, तोच झोत, तेच धाडकन, फक्त नाव वेगळं. दिग्दर्शकाने अंधारात माझ्याकडे बघितलं. नंतर आमची लागली तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं, आणि मग फिल्मची पहिली दोन मिनिटं त्या हसण्यातून सावरण्यात गेली, आमचीच, प्रेक्षकांची नाही कदाचित, पण आमची गेली. फिल्म होती एका पोस्टमनबद्दल, अगदी शांत, आणि तिच्या आधी अकरा सेकंद सोनं उधळलेलं. तेव्हा मला कळलं की लोगो हा पहिला शॉट असतो, सिनेमाचा नसला तरी प्रेक्षकासाठी तो पहिलाच असतो, डोळे आणि कान त्याच्यावर सेट होतात.

अजून एक, ती अक्षरं रोमनमध्ये होती. मराठी फिल्म, मराठी माणूस, आणि बॅनर रोमनमध्ये, का तर त्या टेम्प्लेटमध्ये देवनागरी टाकलं की मात्रा आणि वेलांट्या थ्रीडीत तुटून वेगळ्या व्हायच्या, रफार तर हवेत कुठेतरी तरंगायचा. म्हणजे निर्णय सॉफ्टवेअरने घेतला आणि आम्ही त्याला "इंटरनॅशनल लुक" म्हणत राहिलो. आपल्याकडे कमल शेडगे यांच्यासारख्या माणसाने आयुष्यभर नाटकांची नावं हाताने लिहिली, नुसत्या अक्षरांवरून नाटक ओळखू यायचं, आणि आम्ही टेम्प्लेटच्या पाया पडत होतो. असो.

तिसरा लोगो, २०१४ चा, सापडला, बनवला नाही. फीचर शूट झाली सिंधुदुर्गात एका वाडीत. त्यात एक शॉट होता, लाईट गेलीये आणि म्हातारी दाराशेजारच्या खुंटीला कंदील अडकवते, अडकवून आत जाते, आणि कंदील जरा वेळ हलत राहतो. एडिटमध्ये तो शॉट चार सेकंदांचा उरला होता. मी टायटल्स करायला बसलो होतो, नाव देवनागरीत लावून बघत होतो, आणि समोर दुसऱ्या मॉनिटरवर हा शॉट थांबलेला. शिरोरेषा आणि ती खुंटी. मी शिरोरेषा उजवीकडे जरा लांब ओढली आणि टोकाला कंदील लटकवला. पाच मिनिटांचं काम, कागदावर केलं असतं तर दोन मिनिटांचं.

दिग्दर्शक "नाही" म्हणाला. तीन महिने नाही म्हणाला. त्याचं म्हणणं, "अरे एकदाच एक बरा शॉट जमला म्हणून तोच आयुष्यभर मिरवायचा का, पुढचा सिनेमा शहरातला आहे, तिथे कंदील काय करायचा?" यावर मी त्याला आर. के.ची गोष्ट ऐकवली, की पुढच्या सगळ्या सिनेमांत कोणी व्हायोलिन घेऊन फिरत नव्हतं. शेवटी मानला, पण माझ्यामुळे नाही, त्याच्या आईने मोबाइलवर ते बघितलं आणि "हा आपल्या माडीवरचा" म्हणाली, तिथे विषय संपला.

पण मग मी परत माती खाल्ली. कंदील थ्रीडीत मॉडेल केला. काचेवर रिफ्लेक्शन, पत्र्यावर गंज, ज्योतीचं खरं सिम्युलेशन, आठवडाभर रेंडर, म्हणजे कॉम्प्युटर एकेक फ्रेम काढत बसलेला. खूप सुंदर झाला आणि तिथेच बिघडला. दिग्दर्शक म्हणाला, "हा दुकानातला कंदील आहे, वापरलेल्या कंदिलाची काच एका बाजूने काळी असते, वात सरळ कापलेली नसली की एकाच बाजूला धूर जातो." मी पण लहानपणी राखेने काचा पुसल्यात, तरी विसरलो होतो. सगळं फेकलं आणि हाताने काढायला घेतला, एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं, त्यामुळे रेघ किंचित थरथरते आणि उजेड जिवंत वाटतो, सिम्युलेशनने जे आठवड्यात झालं नाही ते या थरथरीने झालं. काचेची डावी बाजू काजळीने काळी. क्रम असा: काळोख, मग कडीचा करकर आवाज, मग उजेड हळूच वर येतो (वात वर केल्यासारखा), त्या उजेडात शिरोरेषा दिसते आणि मग अक्षरं. सात सेकंद.

तो करकर आवाज खरा आहे, म्हणजे त्या शॉटचाच. साऊंड रेकॉर्डिस्टने लोकेशनवर वाइल्ड ट्रॅक (शॉट चालू नसताना वेगळा घेतलेला आवाज) म्हणून तीन-चार वेळा कंदील हलवून घेतला होता, तेच वापरलं. संगीत नाही. हे मी सगळ्यांना सांगतो, छोट्या बॅनरला म्युझिक लावू नका, एकतर फुकट साईटवरून उचललेल्या ट्यूनवर पुढे यूट्यूबला क्लेम येतो आणि तुमच्याच ट्रेलरचे पैसे दुसऱ्याकडे जातात, आणि दुसरं म्हणजे एक नीट आवाज लक्षात राहतो, ट्यून राहत नाही. प्रभातची तुतारीच घ्या.

चौथा, म्हणजे आत्ताचा, २०२१ नंतरचा. कारणं दोन, थिएटर आणि मोबाइल.

थिएटरचं असं की फीचरला आपण एकटे नसतो. आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट दहा सेकंद, सिनेमात कोणी बिडी ओढत असेल तर तंबाखूची जाहिरात, ती तीस सेकंदांची, वर वीस सेकंदांचं डिस्क्लेमर, मग आभार, मग प्रेझेंटर, मग स्टुडिओ, मग सहनिर्माते एक दोन तीन, आणि मग आम्ही. कोण आधी कोण नंतर हे करारात लिहिलेलं असतं आणि त्यावरून खऱ्या मारामाऱ्या होतात. आमच्या दुसऱ्या फीचरला सहा लोगो होते, पाचव्याला थिएटरात लोक हसायला लागले, आणि आमचा सहावा, सात सेकंद नुसता काळोख आणि करकर. एक जण म्हणाला "लाईट गेली काय". मी परत जाऊन चार सेकंद केला. कंदील आधीच पेटलेला, फक्त हलतोय, अक्षरं लगेच. गंमत म्हणजे काही बिघडलं नाही. वात वर करायचा तो भाग मला एवढा आवडायचा की तो काढायला माझा हात धजत नव्हता, पण तो प्रेक्षकासाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

मोबाइलचं असं की तिथे काजळी दिसत नाही. लोगो गोल डीपीमध्ये गेला की नाव वाचताच येत नाही, शिरोरेषेचा अर्धा भाग कापला जातो. मग तिथे अक्षरं काढून टाकली, वर्तुळाच्या वरच्या कडेलाच कंदील लटकवला, रेघ तीन पट जाड केली, आणि काजळीच्या जागी सरळ काळा ठोकळा. रीलसाठी उभ्या फ्रेममध्ये तर हा मूळ लोगोपेक्षा बरा दिसतो, लटकणारी वस्तू उभ्या फ्रेमला सूट होते, हे काही आम्ही २०१४ ला विचार करून केलं नव्हतं, नशीब.

आता तांत्रिक गोष्टी, ज्या डिझायनर सहसा विचारत नाही आणि शेवटच्या रात्री रडवतात. थिएटरसाठीचा डीसीपी (थिएटरात लावायची डिजिटल प्रिंट) नॉर्मली सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, आणि आपल्याकडे कितीतरी लोगो २५ ला रेंडर होऊन येतात कारण टीव्हीची सवय. २५ चा २४ मध्ये नुसता टाकला तर एकतर झटके मारतो किंवा चार टक्के हळू होऊन आवाज खाली उतरतो, आमचा करकर एकदा बैलगाडीसारखा ऐकू आला होता. साईजचं पण तसंच, लोगो १९२० बाय १०८० पिक्सेलचा असतो, थिएटरची फ्लॅट (कमी रुंद) फ्रेम १९९८ बाय १०८०, म्हणजे बाजूला चिंधीएवढ्या काळ्या पट्ट्या, लोगोचं बॅकग्राऊंड काळं असेल तर कोणाला कळत नाही आणि पांढरं असेल तर लगेच कळतं. स्कोप (जास्त रुंद) फ्रेम २०४८ बाय ८५८, तिथे वरचं-खालचं कापलं जातं, आणि देवनागरीत वर वेलांटी-रफार आणि खाली उकार, म्हणजे जे कापलं जाईल नेमकं तेच महत्त्वाचं. त्यामुळे फ्लॅट आणि स्कोप दोन्हीचं वेगळं कंपोझिशन सुरुवातीलाच करून घ्या, मागाहून क्रॉप करू नका.

पांढऱ्या बॅकग्राऊंडचा लोगो लॅपटॉपवर स्वच्छ दिसतो, अंधाऱ्या थिएटरात तो डोळ्यात टॉर्च मारल्यासारखा लागतो. हे प्रिव्ह्यू थिएटरमध्ये बसल्याशिवाय कळत नाही. काळ्यातून हळूच उजळणारा ग्रेडियंट असेल तर आठ बिटच्या (कमी रंगछटांच्या) फाइलमध्ये त्याच्या पट्ट्या दिसतात, कंदिलाभोवतीच्या उजेडाला कांद्याच्या पाकळ्यांसारखी वर्तुळं दिसायची आमच्या, म्हणून आता मी जास्त बिटच्या सीक्वेन्समध्ये रेंडर करतो आणि वर थोडा ग्रेन (फिल्मसारखा बारीक दाणा) टाकतो, ग्रेनमुळे पट्ट्या मोडतात. आणि आवाज सिनेमापेक्षा मोठा ठेवू नका, तुमचा पहिला सीन कुजबुजीचा असेल तर लोगो पण कुजबुजीचा.

फॉन्ट. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये केलेलं नाव पाच वर्षांनी उघडलं की नुसती रोमन खिचडी दिसते, म्हणून युनिकोड फॉन्ट घ्या आणि अंतिम लोगोत अक्षरांचे आकार (आउटलाइन) करून ठेवा, म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही. लायसन्स बघा. 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू वगैरे फॉन्ट ओपन लायसन्सचे आहेत, लोगोत बिनधास्त वापरता येतात, त्यावर हाताने थोडं काम केलं तर ओळखूपण येत नाहीत. कोणी हाताने लिहून देणारा असेल तर त्याहून चांगलं, पण त्याला पैसे द्या, "तुझं नाव होईल" म्हणू नका.

आता हक्काचं, हे वाचाच. लोगो तुम्ही पैसे देऊन करून घेतला म्हणून तो आपोआप तुमचा झाला असं धरू नका. आपल्या कॉपीराईट कायद्यात लोगोसारख्या कामाचा पहिला मालक साधारणपणे काढणारा असतो, नोकरीत काढलं तर वेगळं, आणि फ्रीलान्सरकडून घेतलं तर लेखी असाइनमेंट (हक्क तुमच्या नावावर केल्याचा कागद) लागते. आणि त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा पाचच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. तुमची फिल्म फेस्टिव्हलला बाहेर जाणार आहे ना? मग "जगभर, कॉपीराईटच्या पूर्ण मुदतीपर्यंत" हे शब्द लिहून घ्या, एका पानात होतं. आमच्या २००८ च्या वेळी असला कागद नव्हता, पण तिथे फक्त टाईप केलेलं नाव होतं म्हणून वाचलो.

ट्रेडमार्क वेगळा. नाव आणि खूण दोन्ही करा, अर्ज धंद्याच्या प्रकारानुसार क्लासमध्ये करायचा असतो, सिनेमाच्या निर्मितीसाठी सहसा क्लास ४१ लागतो, ऑनलाइन अर्ज केला तर व्यक्ती, स्टार्टअप किंवा छोट्या उद्योगाला एका क्लासला साडेचार हजार फी, बाकीच्यांना नऊ हजार, आणि नोंदणी झाली की दहा वर्षं, पुढे रिन्यू. नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लावा, गोलातला आर लावू नका, नोंदणी नसताना तो लावणं गुन्हा आहे, आणि पोरं सर्रास लावतात कारण दिसायला बरा दिसतो. चित्रपट महामंडळाकडे बॅनर नोंदवला म्हणजे ट्रेडमार्क झाला असंही नाही, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ज करायच्या आधी सर्च करा. आम्ही केला तेव्हा आमच्या नावाशी मिळतंजुळतं एक नाव आधीच निघालं, कापडाच्या क्लासमध्ये, म्हणून सुटलो.

आणि ते शांतारामबापूंचं जे म्हटलं होतं. तुम्ही तिघं आहात. उद्या एक जण वेगळा झाला तर लोगो कोणाचा? अर्ज तिघांपैकी एकाच्या नावावर करू नका, कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर तिच्या नावावर करा, नसेल तर पार्टनरशिप डीडमध्ये एक ओळ टाका. आत्ता तिघं एका ताटात जेवताय तोवर ही ओळ लिहायला दोन मिनिटं लागतील, नंतर दोन वकील लागतात. मी दोन बॅनर असे बघितलेत की ज्यांचा लोगो कोर्टात आणि सिनेमा डब्यात.

नावाबद्दल तुम्ही विचारलं नाहीये, पण गरुड-क्लॅप-रीळ असे ऑप्शन आले म्हणजे नावातून डिझायनरला काही चित्र सुचलं नाही, हे उघड आहे. नागराज मंजुळेंच्या बॅनरचं नाव बघा, 'आटपाट'. आपल्या कहाणीची सुरुवातच ती, आटपाट नगर होतं. नाव ऐकलं की गोष्ट सुरू झाली, तिथे चित्र नसलं तरी चालतं. तुमचं नाव तसं असेल तर अक्षरांवरच काम करा. तसं नसेल तरी नाव बदलत बसू नका, राजकमल म्हणजे आईवडिलांची नावं हे किती प्रेक्षकांना माहीत होतं?

तर तुमच्या तिसऱ्या शॉर्टफिल्मसाठी: काळ्यावर पांढरी देवनागरी अक्षरं, तीन सेकंद, आवाज हवा असेल तर तुमच्या फिल्मच्या पहिल्या सीनचाच ॲम्बियन्स तीन सेकंद आधी सुरू करा, पंख्याचा, एसटीचा, जो असेल तो. खाली बारीक रोमनमध्ये नाव टाका, फेस्टिव्हलवाल्यांना कॅटलॉगसाठी लागतं. डिझायनरला त्याच्या तीन ऑप्शनचे पैसे देऊन टाका, त्याने काम केलंय. आणि त्याला फिल्मच्या रशेस, म्हणजे शूटचं कच्चं फुटेज द्या, कापलेल्या शॉट्ससकट, म्हणावं घाई नाही, बघून ठेव. आमचा कंदीलपण आधी कापायच्याच यादीत होता, एडिटर म्हणत होता चार सेकंद उगाच लांबतंय.